जॅझ क्लब, रात्रीचं गाणं आणि आपल्या मुली



आजचा लेख काही जणींना झोंबणार आहे. फोनही येतील. येऊ द्या. पण गेला महिनाभर मंदिराच्या ओट्यावर आणि महिला मंडळात जे काही कानावर पडतंय, त्याला कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं.

आपल्या समाजातलं एक जवळजवळ ठरलेलं स्थळ परत गेलं. घर कुठलं ते सांगत नाही. यवतमाळ काही फार मोठं नाही. मुलगी मुंबईत नोकरी करते, स्वतःच्या पायावर उभी आहे, अष्टमी-चतुर्दशी पाळते. सगळं जुळलं होतं. मग मुलाकडच्या कुणीतरी इन्स्टाग्रामवर तिचा एक फोटो शोधून काढला. मागे स्टेज, स्टेजवर सॅक्सोफोन वाजवणारा एक माणूस, पुढच्या टेबलाशी ही दोन मैत्रिणींसोबत बसलेली, समोर लिंबू सोडा. खाली तिनेच लिहिलेलं, ‘रात्रीचे साडेअकरा, अजून वाजवताहेत.’ दोन दिवसांनी निरोप आला, ‘मुलगी क्लबात जाणारी आहे. आमच्या घरात निभायची नाही.’

आणि आपण बायकांनी काय केलं? माना हलवल्या. ‘बाई, आजकालच्या पोरी!’ म्हणालो. ती तिथे काय ऐकत होती, हे एकीनेही विचारलं नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. रात्री बसून समोरासमोर चाललेलं गाणं-वाजवणं ऐकणं हे व्यसन नाही, आणि बिघडल्याची खूण तर नाहीच. तो एक भोग आहे. भोगाला आपल्या धर्माने माप सांगितलंय. ते माप घरात सगळ्यांना सारखं लावा. मुलाला एक पायली आणि मुलीला एक चिपटं, असं करू नका.

पण ज्याचा निवाडा करायचा ते आधी माहीत तर हवं. म्हणून थोडं जॅझबद्दल.

जॅझ हे श्रीमंतांचं संगीत म्हणून जन्माला आलेलं नाही. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स नावाचं बंदर आहे. तिथे गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय लोकांच्या मुला-नातवंडांनी हे संगीत घडवलं. मिरवणुकीत आणि अंत्ययात्रेत वाजणारे बँड, चर्चमधली भजनं, शेतावर राबतानाची गाणी हे सगळं त्यात मिसळलं. त्यांची वाद्यं कोणती? ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, ड्रम, पुढे सॅक्सोफोन. आता आठवा, आपल्या लग्नाच्या वरातीत डीजे यायच्या आधी लाल कोट घातलेली बँडपार्टी काय वाजवायची? हीच वाद्यं. दोन्हीकडे ती फौजेच्या बँडमधून आली. म्हणजे ज्या वाद्यावर तुमची-माझी वरात निघाली, तेच वाद्य मुंबईत रात्री वाजलं की ते वाईट ठरतं!

दुसरा शब्द ‘जॅम सेशन’. पोळीला लावायच्या जॅमशी त्याचा संबंध नाही. ठरलेला कार्यक्रम संपतो, पैसे घेऊन वाजवायचं ते वाजवून झालेलं असतं. मग दुसरीकडून काम आटोपून आलेले वादकही त्याच स्टेजवर चढतात. तालीम केलेली नसते, काही वेळा एकमेकांची ओळखही नसते. कुणीतरी एका जुन्या चालीचं नाव घेतो, पट्टी सांगतो, बोटांनी लय मोजून देतो आणि सुरू होतं. आधी सगळे मिळून मूळ चाल वाजवतात. मग एकेकाची पाळी येते. सॅक्सोफोन, मग पियानो, मग माणसाच्या उंचीचा तो डबल बास, मग ड्रम. ज्याची पाळी असेल तो त्या चालीच्या चौकटीत राहून सुचेल ते वाजवतो, आणि बाकीचे त्याला सांभाळून घेतात. शेवटाकडे छोटे छोटे तुकडे एकमेकांकडे टाकत सवाल-जवाब होतो आणि बंदिशीच्या मुखड्यावर परतावं तसे सगळे मूळ चालीवर येऊन थांबतात.

यात मला सगळ्यात काय आवडतं, सांगू? एकाची पाळी चालू असताना दुसरा त्याच्यावर कुरघोडी करत नाही. तो ऐकतो, कारण ऐकलं नाही तर पुढे काय वाजवायचं हेच त्याला कळणार नाही. आपल्या मंडळाच्या बैठकीत पाच मिनिटं तरी असं होतं का?

‘पण हे सगळं रात्रीच कशाला?’ असं विचाराल. त्याचं कारण पोटाशी आहे. 1938 साली न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत मिंटन्स प्लेहाउस नावाचं ठिकाण उघडलं. 1940 नंतरच्या वर्षांत तिथे थेलोनियस माँक पियानोवर असे, केनी क्लार्क ड्रमवर असे, आणि डिझी गिलेस्पी, चार्ली पार्कर यांच्यासारखे वादक दुसरीकडचं काम संपवून येत. संध्याकाळी मोठ्या बँडमध्ये लोकांच्या नाचासाठी ठरलेलं वाजवायचं, ते रोजीरोटीसाठी. ते संपल्यावर मनातलं वाजवायचं. अशा रात्रींतूनच ‘बीबॉप’ नावाची नवी शैली निघाली. हे आपल्याला कळायला अवघड नाही. लग्नघरात दिवसभर राबून, पाहुणे निजले की मागच्या खोलीत आपण बायका पाय पसरून बसतो. स्टेजवरचं ठरलेलं गाणं तेव्हा नसतं. कुणी आजीच्या ओव्या काढते, कुणी विहीणबाईवर गाणं रचते, आणि पहाटेपर्यंत हसून हसून पोट दुखतं. खरं गाणं तेव्हाच होतं. आपल्याला त्या रात्रीचं काही वाटत नाही, कारण ती आपली असते.

आता ‘हे परदेशी आहे, आपली संस्कृती नाही’ या आक्षेपाकडे येऊ.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात 1935 साली लिऑन ॲबी या अमेरिकन व्हायोलिनवादकाचा कृष्णवर्णीय वादकांचा बँड आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड असे वादक मुंबईत वाजवू लागले. त्यांच्याकडून शिकायला तयार होती ती गोव्याची मुलं. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये त्यांना लहानपणीच पाश्चात्य स्वरलिपी वाचायला शिकवलेली असे. त्यातलाच एक अँटोनियो झेवियर वाझ. लोक त्याला ‘चिक चॉकलेट’ म्हणत, ट्रम्पेट वाजवायचा. रात्री ताजमध्ये वाजवणारा हा माणूस संगीतकार सी. रामचंद्र यांच्या सोबतीला होता. सी. रामचंद्र म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, आपले मराठी माणूस. त्यांचा 1951 चा ‘अलबेला’ आठवा. भगवानदादांच्या पावलांमागे जी वाद्यं उसळतात ती कुठून आली असं वाटतं तुम्हाला? गोव्याचेच सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचा वाद्यमेळ बसवत. त्याच शंकर-जयकिशन यांनी 1968 साली रईस खाँ यांच्या सतारीसोबत ‘रागा जॅझ स्टाइल’ नावाची रेकॉर्ड काढली. अकरा राग नि जॅझ, एका तबकडीत नांदले नसते तर ती निघालीच नसती.

म्हणजे हे संगीत आपल्या स्वयंपाकघरातल्या रेडिओवरून गेली सत्तर वर्षं वाजतंय. आपल्या आया त्यावर गव्हातले खडे वेचत बसायच्या. हळदीच्या दिवशी आपणही त्यावर ताल धरतो. ज्या मुलीने त्या संगीताचं मूळ गाठून, समोर बसून, नीट ऐकलं, ती मात्र संस्कृती सोडून गेली असं आपण म्हणतो.

आणि हा प्रकार चोरून-लपून चालत नव्हता. 1958 मध्ये डेव्ह ब्रूबेक, 1963 मध्ये ड्यूक एलिंग्टन हे अमेरिकेचे मोठे कलावंत भारतात येऊन वाजवून गेले. 1978 साली निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली. धोबी तलावजवळचं रंगभवन हे उघडं नाट्यगृह त्या महोत्सवाचं घर बनलं. वरती आकाश, पायऱ्यांवर बसलेले लोक आणि समोर सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक. नाव बघा, ‘यात्रा’ ठेवलं होतं. पुढे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रंगभवन शांतता क्षेत्रात मोडलं आणि तिथलं संगीत थांबलं. लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये 2007 साली ‘ब्लू फ्रॉग’ उघडला आणि 2016 पर्यंत चालला. एका पिढीने जॅझ आणि इतर बरंच संगीत तिथे समोर बसून ऐकलं. 2011 साली युनेस्कोने 30 एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिवस म्हणून जाहीर केला. जगाने ज्याला वारसा मानलं, त्याच्यासमोर बसल्याबद्दल एका मुलीचं स्थळ मोडतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात जुना आहे: ‘चांगल्या घरच्या बायका अशा ठिकाणी जात नाहीत.’

हे वाक्य शंभर वर्षांपूर्वी कुणाबद्दल म्हटलं जायचं माहीत आहे? हिराबाई बडोदेकरांबद्दल. तेव्हा बाईने लोकांसमोर गाणं म्हणजे नायकिणीचं काम, असंच समजलं जाई. हिराबाईंनी तिकीट लावून, सगळ्यांसमोर बसून, साध्या घरंदाज वेषात मैफली केल्या आणि त्या समजाला तडा दिला. आज त्यांच्या नावाने आपण आदराने हात जोडतो, आणि नातीला गाण्याच्या क्लासला घातलं की पेढे वाटतो. आशा पुथली ही मुंबईत जन्मलेली मुलगी. आधी आपलं शास्त्रीय गाणं शिकली, मग अमेरिकेला गेली आणि ऑर्नेट कोलमन या जॅझच्या मोठ्या माणसाच्या 1972 च्या ‘सायन्स फिक्शन’ या रेकॉर्डवर गायली. किती जणींना हे नाव माहीत आहे? आपल्याला नावं ठेवता येतात, नावं लक्षात ठेवता येत नाहीत.

आता रात्रीचा मुद्दा.

पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव 1953 साली भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला. कितीतरी वर्षं तो रात्रभर चालायचा. शाली, सतरंज्या, थर्मास घेऊन अख्खी कुटुंबं जायची आणि भैरवी ऐकून उजाडताना घरी परतायची. त्यात लेकी-सुना होत्या. आपल्याकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी वाजायला लागली की गावं जागी राहायची. दिवाळीत आपल्याच जिल्ह्यातल्या गोंड-कोलामांच्या पोडांवर दंडार रंगते, ती काय दुपारी? पंचकल्याणकाचे सांस्कृतिक कार्यक्रम रात्री किती वाजेपर्यंत चालतात, ते मी सांगायला नको.

आणि दुसरी गोष्ट. यवतमाळहून पुण्याला जायचं तर आपली मुलगी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनेच जाते. मुंबईची गाडी पकडायची तर धामणगाव नाहीतर बडनेरा गाठायचं, पुन्हा रात्रच. अख्खी रात्र ती अनोळखी माणसांत, अनोळखी ड्रायव्हरच्या भरवशावर काढते. आपण तिला डबा देतो, ‘पोचली की फोन कर’ म्हणतो आणि झोपतो. ती रात्र चालते, कारण ती नोकरीसाठी असते. तीन तास स्वतःच्या आनंदासाठी बाहेर काढले, की तीच रात्र काळी होते. मग आक्षेप अंधाराला आहे की मुलीच्या आनंदाला, ते स्वतःला विचारून पहा.

चौथा आक्षेप दारूचा. तो खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. बहुतेक जॅझ क्लबांत दारू विकली जाते. जागेचं भाडं त्यातूनच निघतं. वादकांच्या गाण्यावर दुकान चालतं आणि दुकानावर गाणं चालतं, ही त्या धंद्याची रीत आहे. ज्या बहिणीला दारू असलेल्या जागी बसायचंच नाही, तिने बसू नये. तिचा नियम मोठा आहे आणि सभागृहातल्या जॅझच्या मैफली तिच्यासाठी आहेतच; मुंबईत एनसीपीएत त्या होतात.

पण ज्या रिसॉर्टवर आपण मुलाचं रिसेप्शन दिलं, तिथे बार नव्हता? ज्या हॉटेलात व्यापाऱ्यांचं अधिवेशन भरतं आणि आपली पुरुष मंडळी दोन रात्री राहून येतात, तिथे नसतो? त्यांचे फोटो पाहून कुणी कधी स्थळ परत पाठवलं? तेव्हा आपणच म्हणतो, ‘ते गेले असतील, पण घेत नाहीत हो!’ मुलीच्या बाबतीत हे वाक्य आपल्या तोंडून का निघत नाही? तिच्या समोर तर लिंबू सोडा होता.

आता धर्माकडे येते. पाचवा आक्षेप तिथूनच येतो आणि त्याचा मला आदर आहे. प्रवचनात आपण ऐकतो, की हत्ती स्पर्शाने फसतो, मासा जिभेने, भुंगा वासाने, पतंग डोळ्याने आणि हरीण कानाने. संगीत हा कर्णेंद्रियाचा विषय आहे, त्यातून राग वाढतो. बरोबर आहे. पण ग्रंथ अर्धा वाचून पुढे जाऊ नका.

आपल्या कितीतरी घरांत स्वाध्यायाला असलेला आचार्य समंतभद्रांचा रत्नकरंड श्रावकाचार उघडा. मद्य, मांस, मधु यांचा त्याग श्रावकाच्या मूलगुणांत सांगितला आहे. तिथे माप नाही, सरळ त्याग आहे. सप्तव्यसनं मोजा: जुगार, मांस, मद्य, वेश्यागमन, शिकार, चोरी, परस्त्रीगमन. यात संगीत नाही. मग संगीत येतं कुठे? ते येतं भोगोपभोग-परिमाण व्रतात. जेवण, वाहन, अंथरूण, स्नान, फुलं, तांबूल, वस्त्र, दागिने अशी यादी करताना आचार्यांनी संगीत आणि गीत हे दोन्ही शब्द स्पष्ट घातले आहेत. आणि म्हटलं आहे की या गोष्टींचा नियम काळ ठरवून घ्यावा. एक दिवस, एक रात्र, पंधरवडा, महिना, ऋतू, अयन.

आता सांगा, ज्या यादीत आपलं जेवण आणि आपले दागिने आहेत, त्याच यादीत संगीत आहे. पैठणी नेसून, गळाभर सोनं घालून आपण मंदिरात जातो तेव्हा त्याचं परिमाण किती जणींनी केलेलं असतं? आचार्यांनी मद्य आणि संगीत हे दोन वेगळ्या रकान्यांत ठेवले. आपण मात्र क्लबाच्या दारावरची पाटी वाचून दोन्ही एका पोत्यात कोंबतो.

आणि संगीत आपल्याला परकं कधी होतं? आदिपुराणात ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी शिकवली, सुंदरीला अंक शिकवले, हे आपण मुलींच्या शिक्षणाच्या भाषणात हमखास सांगतो. त्याच प्रसंगात त्यांनी वृषभसेनाला गांधर्वशास्त्र, म्हणजे संगीत, शिकवलं. जैन आचार्य पार्श्वदेवांनी ‘संगीतसमयसार’ लिहिलं. वाचनाचार्य सुधाकलशांनी 1350 साली ‘संगीतोपनिषत्सारोद्धार’ पूर्ण केलं. ऋषभदेवांना वैराग्य झालं ते नीलांजनेचं नृत्य पाहताना, भर दरबारात. ती क्षणात नाहीशी झाली, इंद्राने लगेच दुसरी नर्तकी उभी केली, सभेला कळलंही नाही. ऋषभदेवांना कळलं, कारण ते नीट पाहत होते. जॅम सेशनमध्येही जे वाजतं ते त्या रात्रीपुरतंच. तोच वादक उद्या तीच चाल घेईल, पण आजचं सुचलेलं पुन्हा येणार नाही. ऐकणारीला अनित्य भावना पटायची असेल तर तिथेही पटेल. पटायची नसेल तर आपल्या भक्तिसंध्येतही पटणार नाही.

भक्तिसंध्येवरून आठवलं. आपल्या घरची झाडझूड बाकी असताना दुसऱ्याच्या अंगणात बोट दाखवणं बरं नव्हे. सिनेमाच्या चालींवर बसवलेली भजनं, कर्णे फुटतील इतका आवाज, आणि समोर बसून आपण साड्यांच्या किमती विचारतोय. वरातीत डीजेची भिंत उभी करतो, दवाखान्यावरूनही तशीच नेतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद केला आहे. वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. बंद सभागृहात, भिंतींच्या आत वाजवायला त्या नियमात जागा आहे. म्हणजे भिंतींच्या आत मुलगी ऐकत होती ते गाणं शेजाऱ्याला झोपू देतं. आपली वरात आजाऱ्याला, बाळंतिणीला, घरट्यातल्या पाखरालाही झोपू देत नाही. अहिंसेच्या तराजूत कोणतं पारडं जड, ते तुम्हीच पहा. आणि पेन ड्राइव्हवरच्या त्या आवाजापायी बँडपार्टीतल्या किती वादकांनी क्लॅरिनेट पेटीत बंद करून दुसरं काम धरलं, तेही आठवा. त्यांच्याही घरी चूल आहे.

मग मुलींना मोकळं सोडून द्यायचं का? नाही. माप सांगायचं, आणि ते विचारपूर्वक सांगायचं. आईची भीती खोटी नसते. 29 डिसेंबर 2017 ला लोअर परळच्या कमला मिल कंपाउंडमध्ये मध्यरात्रीनंतर आग लागली आणि 14 जीव गेले. म्हणून मुलीला हे जरूर विचारा: जागेला बाहेर पडायची दुसरी वाट आहे का? सोबत कोण आहे? परत कशी येणार, गाडी चालवणारा प्यायलेला तर नाही ना? सूर्यास्तापूर्वी जेवून जाणार ना? चौविहार असेल तर उलट सोपं आहे, कानाला काही खायला लागत नाही. महिन्यातून किती वेळा जायचं ते तिने स्वतः ठरवावं आणि नियम म्हणून वहीत लिहावं. दशलक्षणात जाऊ नये. हे सगळं विचारा. पण हेच प्रश्न, याच शब्दांत, मुलालाही विचारा. त्याला विचारायची हिंमत नसेल तर तिलाही विचारू नका.

आणि आपल्यासाठी दोन कामं. पहिलं, घरातल्या पुढच्या लग्नात डीजेचे पैसे वाचवून दोन तास समोर बसून वाजवणारे वादक बोलवा. सनई असो, बासरी असो, क्लॅरिनेट असो. खुर्च्या गोल मांडा आणि त्या दोन तासांत बोलू नका. समोर बसून ऐकणं म्हणजे काय ते एकदा कळलं, की त्या मुलीने साडेअकराला काय लिहिलं होतं तेही कळेल.

दुसरं काम जरा जड आहे. त्याच रत्नकरंडात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यातला एक आहे दुःश्रुती, म्हणजे ज्याने मन मळतं ते ऐकणं. मुलींना आपण हा शब्द सुनावतो. पण दुसऱ्याच्या लेकीचा फोटो मोठा करकरून पाहणं, त्यावर कुजबुजणं, आणि ती कुजबुज रस घेऊन ऐकणं ही कोणती श्रुती झाली? त्या क्लबात कुणाचं नुकसान झालं नाही. ओट्यावर मात्र एका मुलीचं झालं.

येत्या चतुर्दशीला नियम घ्यायचाच असेल तर हा घ्या: पंधरा दिवस दुसऱ्याच्या मुलीबद्दल ऐकीव काहीही ऐकायचं नाही, आणि ऐकलंच तर पुढे सांगायचं नाही. जमला तर महिना करा, ऋतू करा, अयन करा. संगीताच्या मापाचं आपण नंतर बोलू.

जय जिनेंद्र.